उंबरबेट हरलं त्याचं कारण

एका मोठ्या सरोवरात उंबरबेट नावाचं एक बेट होतं. गोष्ट फार जुनी आहे. निदान जुनी आहे असं धरून ऐकावी, म्हणजे ऐकणाऱ्यालाही त्रास नाही आणि सांगणाऱ्यालाही नाही.

बेटावर कूर्मराज नावाच्या कासवाचं राज्य होतं. महाराज फार थोर होते, कारण ते काही बोलत नसत. दरबारात त्यांची मान कवचाच्या आत असली की महाराज विचार करत आहेत असं समजायचं, आणि बाहेर असली की विचार झाला आहे असं समजायचं. दोन्हींचा अर्थ होकार. प्रत्यक्ष कारभार दोन सेना पाहत. जमिनीवर रानडुकरांची, तिचे सेनापती मुसंडेराव. पाण्यावर पाणमांजरांची, तिचे सेनापती मिशाळराव. या दोघांचा एकमेकांवर इतका राग होता की शत्रूवर करायला फारसा उरत नसे. मिशाळरावांचे तराफे पाहून मुसंडेरावांनी आपले वेगळे तराफे बांधून घेतले. त्याचा वचपा म्हणून मिशाळरावांनी काही पाणमांजरांना लाकडी सुळे बसवले. सुळेवाली पाणमांजरं पोहताना नाकावर आपटत, पण एका रांगेत आपटत.

या सगळ्यांच्या डोक्यावर, बेटावरच्या सर्वांत उंच उंबराच्या शेंड्यावर, हैबती नावाचा वानर बसायचा. तो सरकारी दवंडीदार होता. त्याचा आवाज दणदणीत. त्यानं एक हुप् केलं की बेटाच्या दुसऱ्या टोकाला झोपलेलं पोर उठून बसायचं. कामाचा नियम एकच होता. वरून आलेलं खाली सांगायचं. त्याच्या वर खरं तर आभाळाशिवाय काही नव्हतं, पण दरबाराला सगळे ‘वर’च म्हणत, आणि हैबतीही म्हणे.

हैबती एकटा जीव. त्याचा थोरला भाऊ जिवाजी मुसंडेरावांच्या सेनेत पहाऱ्यावर होता, आणि हैबतीचं खाणंपिणं सगळं जिवाजीच्या घरी. वहिनी सोनका तोंडानं फटकळ होती पण वाढताना हात सढळ. जिवाजीनं त्याला लहानपणी पाठीवर घेऊन झाडं चढायला शिकवलं होतं. हैबतीला जगात कोणाची काळजी असेल तर ती या भावाची, आणि ती तो कधी बोलून दाखवत नसे, कारण त्याचं सगळं बोलणं सरकारजमा होतं.

तर या बेटावर सगळं पिकायचं, एक डिंक सोडून. आणि तराफे सांधायला डिंक लागायचाच. तो यायचा सरोवराच्या पलीकडच्या रानातून, आणि ते रान गव्यांचं. गवे अवाढव्य, संथ, आणि इतके की मोजायला बसणारा तिथेच म्हातारा व्हावा. पुढे झालं असं की मुसंडेरावांनी शेजारच्या हरणांचं बांबूबन ‘हरणांच्या संरक्षणासाठी’ ताब्यात घेतलं. कोणापासून संरक्षण, हे विचारायला फारशी हरणं उरली नाहीत. गव्यांनी निरोप धाडला, बांबूबन सोडा, नाहीतर उद्यापासून डिंक बंद.

दरबारात खल झाला. बांबूबन सोडलं तर अब्रू जाते, न सोडलं तर डिंक जातो. शेवटी असं ठरू लागलं की डिंक संपायच्या आत, आहे तो डिंक वापरून, डिंक आणायला निघायचं, आणि ज्यांच्याकडून डिंक येतो त्यांच्याशीच लढायचं. हे ऐकून दरबारात सगळ्यांनी माना डोलावल्या, महाराज सोडून. त्यांची आत होती.

निकालाच्या आदल्या दिवशी दुपारी मिशाळराव आपल्या कारभाऱ्याबरोबर हैबतीच्या झाडाखाली सावलीला आले. वर कोणी असेल हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. सत्तेतली मंडळी सहसा वर पाहत नाहीत.

“मला विचारशील तर,” मिशाळराव म्हणाले, “पहिला पावसाळा मी गाजवून दाखवीन. त्याच्या पुढचं मला काही दिसत नाही.”

“मग तसं दरबारात सांगा ना, साहेब.”

“मी सांगू? म्हणजे तो डुक्कर गावभर करणार की पाणमांजरं भ्याली. आधी त्यानं नको म्हणावं. मग मी म्हणतो.”

ते गेले, आणि थोड्याच वेळात मुसंडेराव त्याच बुंध्याला अंग घासायला आले. त्यांच्याही बरोबर त्यांचा माणूस, म्हणजे डुक्कर, होता.

“लढाई पाण्यावरची आहे,” मुसंडेराव म्हणाले. “पाण्यातलं मला काय कळतं? मिशाळराव नको म्हणाले की त्याच क्षणी मीही नको म्हणेन. पण आधी त्यांच्या तोंडून यायला पाहिजे.”

हैबतीच्या घशाशी आलं की हे दोन्ही संवाद एकदा मोठ्यानं म्हणावेत, बस्स. दोघांनाही ऐकू गेलं असतं आणि लढाई सुरू व्हायच्या आधीच संपली असती. पण हे वरून आलेलं नव्हतं, खालून आलेलं होतं. तो गप्प बसला. दुसऱ्या दिवशी दरबारात मुसंडेराव ‘लढायचं’ म्हणाले, मिशाळराव त्याहून मोठ्यानं म्हणाले, आणि हैबतीनं सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं.

लढाईआधी ती वाळूवर खेळून पाहायची अशी बेटाची जुनी रीत होती. काठावर वाळूत चर खणून पाणी सोडायचं, करवंट्यांचे तराफे करायचे, आणि चिंचोके टाकून कौल घ्यायचा. गव्यांच्या बाजूनं खेळायला एका बदकाला बसवलं होतं. प्रत्येक कौलाची ललकारी द्यायला हैबती खाली उतरला. बदकानं पहिल्याच डावात चिंचोके टाकले.

“आपले दोन मोठे तराफे बुडाले,” हैबतीनं ललकारी दिली.

मिशाळराव सावकाश चरापाशी गेले, बुडालेल्या दोन्ही करवंट्या त्यांनी बाहेर काढल्या, झटकल्या आणि परत पाण्यावर ठेवल्या.

“बुडाले नाहीत,” ते म्हणाले. “ओले झाले.”

“मग चिंचोके परत टाकू?” बदकानं विचारलं.

“टाकायचे कशाला? ठेवायचे.” आणि त्यांनी चिंचोके आपल्या पंजानं हवे तसे उताणे मांडून ठेवले. “हं, हैबती. आता सांग.”

हैबतीनं सांगितलं. संध्याकाळपर्यंत उंबरबेट दणदणीत जिंकलं. बदक फार मन लावून खेळलं होतं, म्हणून त्याची बदली झाली. रीत मात्र काटेकोर पाळली गेली, आणि आपण किती जुनी रीत पाळतो याबद्दल दोन भाषणंही झाली.

खरी लढाई सुरू झाली तेव्हा गवे झोपले होते. झोपलेल्यांवर विजय मिळवणं तुलनेनं सोपं असतं. पहिल्या पावसाळ्यात बेटानं सरोवरातले खडक, टेकाडं, दलदली, जे दिसेल ते घेतलं. काही ठिकाणी तर कोणी राहतच नव्हतं, तिथंही झेंडा लागला. नकाशा दर आठवड्याला मोठा होत होता. तिथवर खाणं पोहोचवायचे तराफे मात्र होते तेवढेच होते. सरोवरात मगरी होत्या, त्या या तराफ्यांवर टपून बसत. मालाच्या तराफ्यांना राखण द्या असं कोणी सुचवलं की मिशाळराव दुखावत. “आमची पाणमांजरं लढायला आहेत,” ते म्हणत. “केळ्यांच्या घडामागून पोहायला नाहीत.”

मुसंडेरावांची सभा त्या काळात फार गाजली.

“बांधवांनो,” ते म्हणाले, “गव्यांकडे आहे तरी काय? झाडं आहेत. डिंक आहे. अन्न आहे. तराफे आहेत. संख्या आहे. पण याशिवाय त्यांच्याकडे काय आहे? काही नाही. आपल्याकडे जिद्द आहे. पोट रिकामं असलं तरी चालेल, छाती भरलेली पाहिजे.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. ‘पोट रिकामं, छाती भरलेली’ ही घोषणा हैबतीनं महिनाभर दिली. तेव्हा बेटावर खायला भरपूर होतं, त्यामुळे ती सर्वांना आवडली.

याच महिन्यात जिवाजीची नेमणूक टोकखडकावर झाली. नकाशावरचं हे शेवटचं ठिकाण. तिथं दगड होते आणि वारा होता. निघताना जिवाजीनं धाकट्या भावाच्या डोक्यावर टपली मारली.

“हैबत्या, तुझा आवाज तिथपर्यंत येतो का बघतो,” तो म्हणाला. “माझ्यासाठी जरा जास्त ओरडत जा.”

सोनका वहिनी दोन दिवस फळं वेचत फिरली. तिसऱ्या दिवशी तिनं उंबर वाळत घातले, पहिल्या मिळेल त्या तराफ्यानं नवऱ्याला पाठवायचे म्हणून.

मग गवे जागे झाले. त्यांनी आरडाओरडा केला नाही, भाषणं केली नाहीत. ते उठले आणि झाडं पाडू लागले. उंबरबेटाच्या एका तराफ्याला हार घालून पूजा होईपर्यंत त्यांचा नवा तराफा पाण्यात उतरलेला असे. बेटाची खरी ताकद होती ती खंड्या पक्ष्यांची. वरून सूर मारून शत्रूच्या तराफ्याचे दोर कापण्यात त्यांचा हात, म्हणजे चोच, कोणी धरला नसता. गव्यांकडेही पक्षी होते, पण ते आपल्यातले तयार पक्षी मध्येच माघारी बोलावून त्यांना पोरांना शिकवायला बसवत. उंबरबेटावर शिकवायला परत येणं म्हणजे पळून येणं. त्यामुळे सगळे कसलेले खंड्ये आघाडीवर राहिले, आणि आघाडीवरच राहून गेले. पुढची तुकडी अशी होती की तिला वर जाता यायचं, खाली यायचा धडा व्हायचा होता. त्याच्या पुढच्या तुकडीच्या शिक्षणातून तो धडाच गाळून टाकला.

एके दिवशी सरोवराच्या मध्यावर मोठी गाठ पडली. हैबती शेंड्यावरून पाहत होता. मिशाळरावांचे चार सर्वांत मोठे तराफे सकाळी गेले. संध्याकाळी काठाला काही फळकुटं लागली. मिशाळराव झाडाखाली आले. त्यांच्या मिशा चिखलानं चिकटल्या होत्या.

“लिहून घे म्हणणार होतो, पण तुला लिहिता येत नाही ते बरं आहे,” ते म्हणाले. “सांग. शत्रूचे सगळे तराफे बुडाले. आपला एक ओला झाला.”

“साहेब, मी वरून पाहिलं.”

“पाहायची नेमणूक वेगळ्याची आहे.”

हैबतीनं दवंडी दिली. बेटावर दिवे लागले. मिशाळरावांनी खरी गोष्ट महाराजांना सांगितली नाही, कारण त्यांना वाईट वाटलं असतं. मुसंडेरावांना सांगितली नाही, कारण त्यांना बरं वाटलं असतं. त्यामुळे मुसंडेरावांनी दवंडीवर विश्वास ठेवला आणि शत्रूकडे आता तराफेच नाहीत असं धरून पुढची मोहीम आखली. ती मोहीम परत आलीच नाही. तिची दवंडी अशी होती की आपल्या सेनेनं आगेकूच चालू ठेवली आहे, फक्त दिशा बदलून.

हळूहळू अशी वेळ आली की खुद्द सरकारलाही बेटावर काय चाललंय हे कळायला दवंडीशिवाय दुसरं साधन उरलं नाही. दरबारी मंडळी सकाळी झाडाखाली उभी राहून हैबतीचं ऐकत आणि समाधानानं कामाला लागत. ते सांगायला लावणारे आपणच होतो, हे त्यांच्या ध्यानातून गेलं होतं.

सोनका वहिनी रोज त्याला जेवायला वाढताना विचारायची.

“भावोजी, टोकखडकावरचं काही कळलं का?”

“बरं आहे म्हणतात, वहिनी.”

“म्हणतात कोण? तुम्हीच तर म्हणता.”

हैबती खाली मान घालून जेवायचा. न जेवला तर तिनं कारण विचारलं असतं.

शेवटी मुसंडेरावांना आपल्या टोकखडकावरच्या पहाऱ्याची आठवण झाली. त्यांचा स्वतःचा एक तराफा अजून शाबूत होता. त्यांनी मिशाळरावांना विचारलं, हा खाणं घेऊन पाठवतो, वाटेत तुमची राखण मिळेल ना? आता राखण द्यायला मिशाळरावांकडे काही नव्हतं, आणि नाही हे कबूल करायचं नव्हतं. ते तडक झाडाखाली आले.

“सांग. टोकखडकावर यंदा फळांचा अक्षरशः पूर आला आहे. जवान खाऊन खाऊन सुस्तावले आहेत. त्यांनी निरोप धाडला आहे की आम्हाला काही पाठवू नका.”

हैबती एक फांदी खाली उतरला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच कामाच्या वेळी हुकमाशिवाय खाली उतरत होता.

“साहेब, तिथं झाडच नाही. माझा भाऊ आहे तिथं.”

“मग त्याला बरं वाटेल ऐकून,” मिशाळराव म्हणाले.

आणि हैबतीनं सांगितलं. घसा आपोआप उघडला, तो सवयीचा झाला होता. दवंडी संपेपर्यंत मुसंडेरावांनी तराफ्याची मोहीम रद्द करून तो विजयाच्या मिरवणुकीला दिला होता. तासाभरानं सोनका वहिनी झाडाखाली आली. तिच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी हसू होतं. तिनं वाळवलेले सगळे उंबर मिरवणुकीत प्रसाद म्हणून वाटून टाकले होते.

“यांना नकोच आहेत म्हणे आता,” ती म्हणाली. “घ्या, तुमच्यासाठी दोन ठेवलेत.”

हैबतीनं ते दोन उंबर हातात घेतले. त्याला रडू आलं. वहिनीला वाटलं आनंदाचं आहे, आणि तीही डोळे पुसायला लागली.

पावसाळा गेला, आणि एका भर दुपारी, पुढच्या विजयाची मिरवणूक काठावरून चाललेली असताना, एक ओंडका काठाला लागला. ओंडक्याला एक वानर चिकटलेला होता. चिकटलेला म्हणजे त्याला धरायची ताकद नव्हती, त्यानं स्वतःला वेलीनं बांधून घेतलं होतं. मिरवणूक थबकली. वानरानं डोळे उघडून वर उंबराकडे पाहिलं.

“हैबत्या,” तो म्हणाला, “तुझा आवाज यायचा रे तिकडं. वारा असला की स्पष्ट यायचा. शेवटी ऐकायला मी एकटाच उरलो, बाकीचे भुकेनं गेले.”

हैबती एवढ्या उंचावरून खाली कसा आला हे त्यालाही कळलं नाही. मुसंडेराव आणि मिशाळराव दोघं पुढे झाले. दोघांना एकत्र चालताना बेटानं प्रथमच पाहिलं.

“हा कोण?” मुसंडेरावांनी विचारलं.

“टोकखडकावरचा पहारेकरी. जिवाजी,” गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

“शक्य नाही,” मिशाळराव म्हणाले. “टोकखडकावरचे जवान लठ्ठ झाले आहेत. सरकारी माहिती आहे. हा तर हाडांचा सापळा आहे. शत्रूनं सोडलेला बहुरूपी दिसतो.” मग ते हैबतीकडे वळले. “तूच सांगितलंस ना बेटाला? तर मग आता तूच सांग. हा तुझा भाऊ आहे का?”

सोनका वहिनी गर्दीतून पुढे आली होती. ती जिवाजीकडे पाहत नव्हती, हैबतीकडे पाहत होती.

“सांगा ना, भावोजी,” ती म्हणाली. “मी आत्तापर्यंत तुमचंच ऐकलंय.”

हैबती झाडावर चढला. शेंड्यापर्यंत गेला, कारण तिथूनच सगळ्यांना ऐकू जायचं. आणि त्यानं आयुष्यात पहिल्यांदा खालून आलेलं वरून सांगितलं. हा माझा भाऊ आहे. टोकखडकावर एकही झाड नाही. बाकीचे पहारेकरी भुकेनं मेले. मोठे चारही तराफे बुडाले, ओले झाले नाहीत. बोलता बोलता त्याचा आवाज फाटला, पण तो थांबला नाही. संपलं तेव्हा काठावर कोणी हलत नव्हतं. वहिनीनं मात्र वेल सोडवून नवऱ्याला पाठीवर घेतलं होतं आणि ती घराकडे निघाली होती. वाटेत तिनं एकदा वर पाहिलं आणि पुढे गेली. ती पुढे सहा महिने हैबतीशी बोलली नाही, आणि त्याला त्यात काही चूक वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या झाडावरून दुसऱ्या दवंडीदारानं सांगितलं की कालचा आवाज शत्रूचा होता. बऱ्याच जणांना हे ऐकून हायसं वाटलं. त्यानंतरच्या आठवड्यात गव्यांचे तराफे बेटाला लागले.

तेव्हा कुठे कूर्मराज महाराजांनी मान बाहेर काढली आणि ते प्रथमच बोलले. ते म्हणाले, “घडामोडींचा एकूण कल आपल्या मनासारखाच राहिला असं ठामपणे म्हणता येईल की नाही, याविषयी दुमत असू शकतं.” याचा अर्थ आपण हरलो, हे लोकांना तीन दिवसांनी कळलं.

गव्यांनी बेट ठेवून घेतलं नाही, त्यांना ते फार लहान होतं. निवडणुका घ्या म्हणाले आणि गेले. निवडणुकीत मुसंडेराव आणि मिशाळराव दोघंही निवडून आले, आता एकाच पक्षातून. नव्या सरकारनं पहिलं काम केलं ते पराभवाची कारणं शोधायला समिती नेमण्याचं. समितीवर मुसंडेराव आणि मिशाळराव होते, कारण त्या विषयाचा अनुभव दुसऱ्या कोणाला नव्हता.

समितीनं जिवाजीला साक्षीला बोलावलं. तो काठी टेकत आला.

“पराभवाचं कारण तुमच्या मते काय?” मिशाळरावांनी विचारलं.

“भूक,” जिवाजी म्हणाला.

“हे तुमचं व्यक्तिगत मत झालं. या.”

हैबतीलाही बोलावलं. त्यानं झाडाखाली ऐकलेलं, वाळूवर पाहिलेलं, शेंड्यावरून दिसलेलं, सगळं क्रमानं सांगितलं. समितीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि साक्षीदाराचा घसा बसलेला असल्यामुळे साक्ष नीट ऐकू आली नाही असा शेरा मारला. हैबती बाहेर येऊन भावाला आधार देत घरी गेला. त्या दिवशी सोनका वहिनीनं त्याचंही पान मांडलं.

वर्षभर विचार करून समितीनं निष्कर्ष जाहीर केला. उंबरबेटाच्या पराभवाचं कारण एकच आहे. बेटानं प्रत्येक लढाई जिंकली होती, पण त्याची बातमी गव्यांपर्यंत पोहोचली नाही, त्यामुळे ते गैरसमजातून लढत राहिले. सबब एका झाडावर एक दवंडीदार अपुरा आहे, यापुढे प्रत्येक झाडावर एक नेमावा, आणि कोणीही थांबू नये.

या बेटावर सरकारी समितीची एखादी शिफारस अमलात आल्याचं हे एकमेव उदाहरण. तेव्हापासून उंबरबेट काहीही हरलेलं नाही. कोणत्याही झाडाखाली उभं राहावं, ऐकू येतं.